सासूबाईंनी पाहिलेला मागचा भाग

‘मागचा’ या साध्या शब्दाने आमच्या घरात एकदा मोठा घोटाळा केला. तसा तो शब्दच दुतोंडी आहे. मागे म्हणजे होऊन गेलेलं: मागे एकदा, मागच्या वर्षी. आणि मागून म्हणजे नंतर: तुम्ही व्हा पुढे, मी मागून येते. मग मागचा भाग म्हणजे आधीचा की नंतरचा? मी शाळेत इंग्रजी शिकवायची, भूतकाळ आणि भविष्यकाळ मुलांच्या डोक्यात भरता भरता माझा घसा बसायचा. पण आपल्याच भाषेत हे दोन काळ एका शब्दात गुण्यागोविंदाने नांदतात, हे माझ्या लक्षात आलं ते सासूबाईंमुळे, सत्तरच्या दशकातल्या एका रविवारी, नागपुरात बर्डीवरच्या थिएटरात.

यजमान हिंगण्याच्या एका कारखान्यात होते. कंपनीची बस त्यांना चौकातून उचलायची आणि चौकात आणून टाकायची, आणि मधला सगळा वेळ त्यांचं शरीर तेवढं कारखान्यात असायचं. जीव नाटकात. हौशी मंडळींचा एक गट होता. पाळी सकाळची असली की संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम आणि पाळी संध्याकाळची असली की सकाळी आमच्या पुढच्या खोलीत. चहा करता करता मला सगळ्यांचे संवाद पाठ व्हायचे. मला कुणी काम दिलं नाही, ते सोडा.

त्या वर्षी त्यांनी एक इंग्रजी नाटक मराठीत केलं होतं. मूळचं परदेशी व्यापाऱ्याचं घर यजमानांनी आपल्याकडच्या कापसाच्या व्यापाऱ्याचं केलं, तेवढं बेमालूम जमलं. त्यात एक म्हातारी मालकीण होती. कमरेला चाव्यांचा जुडगा, शब्द मोजके, काळीज दगडाचं. पैशाच्या भांडणात ती पोटच्या मुलाला आणि त्याच्या पोटुशी बायकोला घराबाहेर काढते आणि शेवटी रिकाम्या घरात चाव्या वाजवत एकटी उरते. पडदा.

चाव्यांचा तो जुडगा खरा होता. आमच्याच घरचा. सासूबाईंच्या सासूबाई, ज्यांना सगळं घर ‘मोठ्या बाई’ म्हणायचं, त्यांचा. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच त्या गेल्या होत्या. रामटेकजवळच्या गावी त्यांची धानाची शेती होती. ऐन तारुण्यात वैधव्य आलं, दीर जमिनीवर टपून बसलेले, आणि त्या बाईने एकटीने शेत राखलं, मुलगा शिकवला. तो मुलगा म्हणजे माझे सासरे. आईचं नाव निघालं की मामंजींचे डोळे भरून यायचे. “माय होती म्हणून आज आपण दोन घास खातो,” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की घास घेताना मला मोठ्या बाई समोर बसल्यासारख्या वाटायच्या.

सासूबाई अशा वेळी उठून आत जायच्या.

त्यांचं काय होतं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तांदूळ निवडताना, वर न बघता. “एक हाक,” त्या म्हणाल्या. “बाईची एकच हाक. जेवाले बोलावलं आन् आपण गोठ्यात असो, विहिरीवर असो, पयल्या हाकेत ‘आली जी’ म्हणून उभं राहायचं. दुसरी हाक नाई. नाई आली तं ताट उचललं.”

“म्हणजे उपाशी?”

“मंग काय, ताट येऊन राहिलं होतं का मागं?”

त्यांना सांगायचं होतं तेवढं सांगून झालं होतं, मला मात्र दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

अशा बाईने ते नाटक पहिल्या रांगेत बसून पाहिलं. गावच्या दंडारीच्या खेळांपलीकडे त्यांनी तोवर काही पाहिलेलं नव्हतं. मुलाचं नाटक म्हणून कौतुकाने आल्या होत्या, शेजारच्या बाईशी गप्पा चालल्या होत्या. म्हातारीचं काम करणारी बाई विंगेतून यायच्या आधी जुडगा वाजला, आणि मी पाहिलं, सासूबाईंनी पटकन डोक्यावरून पदर घेतला आणि ताठ बसल्या. मोठ्या बाईंना जाऊन तेव्हा कित्येक वर्षं झाली होती.

नाटक संपल्यावर रिक्षात त्यांनी विचारलं, “मंग पुढं काय झालं?”

“पुढं काय होते माय? पडदा पडला,” यजमान म्हणाले.

“पडदा पडो नाई तं छप्पर पडो. ते पोटुशी पोरगी घरातून गेली ना? तिचं काय झालं? तिले पोरगा झाला का पोरगी?”

या प्रश्नाने त्यांनी सगळ्यांना भंडावून सोडलं. नाटकातले लोक चहाला आले की तीच चौकशी. सुनेचं काम करणारी मुलगी खरी अविवाहित, एका कचेरीत कारकून. तिच्यासाठी सासूबाई डिंकाचा लाडू बाजूला काढून ठेवायच्या. ती बिचारी लाजून लाल व्हायची आणि लाडू खायची. आम्ही हसायचो. मला तेव्हा कळलं नाही की त्या घरातून एक सून तरी जिवंत सुटली, एवढंच त्यांना ऐकायचं होतं.

यानंतर साधारण वर्षाने मला मुलगी झाली. बाळंतपण माहेरी अमरावतीला. बारसं बाराव्या दिवशी व्हायचं, पण मामंजी तेव्हा काविळीने अंथरुणाला होते, म्हणून मी परत आल्यावर नागपूरलाच करू असं ठरलं. मी तीन महिन्यांची मुलगी घेऊन आले, आणि दारात भाकरतुकडा ओवाळून होतो न होतो तोच मामंजींनी जाहीर केलं, “नाव माझ्या मायचं ठेवायचं.”

आजी-पणजीचं नाव पोरीला ठेवणं ही आपल्याकडची जुनीच रीत. माणूस जातं, नाव फिरून येतं. त्यात वावगं काही नाही. पण दुसरीही एक रीत आहे, आणि ती पहिलीच्या पायात पाय घालते. सुनेने सासूचं नाव तोंडाने घ्यायचं नाही. सासू मेली तरी नाही. म्हणजे माझ्या मुलीला तिची सख्खी आजी जन्मभर नावाने हाक मारू शकणार नव्हती. ‘ए बाई’, ‘ए पोरी’, ‘अवं’ म्हणत राहणार. आणि ज्या नावाचा एवढा धाक सोसला, ते नाव रोज मांडीवर घेऊन बसणार.

मला संताप आला. मी यजमानांपाशी तो मोकळा केला. यजमान म्हणजे घरात कायम तळ्यात-मळ्यात. म्हणाले, “पाळण्यातलं नाव ते राहू दे, हाक मारायला दुसरं ठेवू. बाबांचंही मन राखलं जाईल.”

“आणि शाळेत कोणतं घालाल?”

“शाळेला अजून वेळ आहे.”

नाटकातला दुसरा अंक एका रात्रीत नव्याने लिहिणारा हा माणूस, घरचा प्रश्न आला की शाळेला अजून वेळ आहे! मग मी सासूबाईंनाच गाठलं. “आई, तुम्हाला काय वाटतं? तुम्ही नको म्हणालात तर मामंजी ऐकतील.”

“मले कोण विचारते?”

“मी विचारते आहे ना.”

“मंग तुह्यं ऐकलं मी,” म्हणून त्यांनी मुलीला तेल लावायला घेतलं. त्यांच्या तोंडून होय नाही की नाही नाही. मुलीला तोवर आम्ही सगळे नुसतं ‘बाळी’ म्हणत होतो, आणि बारशाचा दिवस जवळ येत होता.

त्याच आठवड्यात यजमान बस चुकवून, चक्क भाड्याची सायकल घेऊन धापा टाकत घरी आले. “आपल्या त्या नाटकाचा मागचा भाग आला आहे बर्डीवर! रविवारी सकाळच्या खेळाला. हॉलिवूडचा, जुना आहे, पण कामं काय असतील!”

गटातले चारपाच जण जमलेच होते. यजमानांनी त्यांना सगळा वृत्तांत सांगितला. त्या नाटककाराने आधी आपण केलं ते नाटक लिहिलं, मग काही वर्षांनी त्याच घराचं आधीचं नाटक लिहिलं, आणि हा सिनेमा त्या दुसऱ्या नाटकावरून काढला आहे. गटातला एक वात्रट म्हणाला, “मागचा भाग पाहायचा म्हणजे आपल्याला पडद्याच्या मागे बसावं लागेल.” त्यावर सगळे खिदळले. या खिदळण्यात स्वयंपाकघरात सासूबाईंच्या कानावर नेमकं काय गेलं असेल ते देवाला ठाऊक. त्या हात पुसत दारात आल्या.

“मागून लिहिलं म्हणता तं?”

“हो माय, मागून लिहिलं.”

“मंग मलेही यायचं आहे,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज लग्नाला निघाल्यासारखा होता.

सकाळच्या खेळाला इंग्रजी सिनेमे यायचे. थंडीचे दिवस होते. थिएटरात संत्र्यांचा वास भरलेला, पायाखाली सालं, आणि अंधार झाला तरी कुणी ना कुणी फोडी सोलतच असायचं. यजमान आणि गटातले लोक पुढे स्वस्तात बसले. आम्ही सासवा-सुना मागे, दाराजवळ, मुलगी रडली तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून. मुलगी सासूबाईंच्या मांडीवर, त्यांच्याच शालीत गुरफटून झोपलेली.

इंग्रजी सिनेमात शेजारच्याला मराठीत सांगत बसणं हा तेव्हा गुन्हा नव्हता. प्रत्येक रांगेत एखादा सांगणारा असायचाच. मी सांगू लागले. परदेशी नावं सासूबाईंना कशी लक्षात राहणार, म्हणून मी आमच्या नाटकातलीच नावं घेतली. पडद्यावर अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी जिन्यावरून धावत आली, तेव्हा मी म्हातारीचं नाव सांगितलं आणि म्हणाले, “ही ती.”

“हो, हो,” सासूबाई लगेच म्हणाल्या. “ओळखलं मी.”

मला काय ठाऊक, त्यांनी काय ओळखलं!

पडद्यावरची मुलगी खोडकर होती. घरभर गात हिंडायची, खळखळून हसायची. बाप करडा व्यापारी, त्याच्या कमरेला चाव्या. मुलीला आई नव्हती. “गेली असन बाळंतपणात,” सासूबाई पुटपुटल्या आणि हळहळल्या. घरात एक विधवा आत्या होती आणि मुलीवर तिचा फार जीव. गावातल्या एका तरुणावर मुलीचं मन बसलं होतं. त्याच्यासोबत ती गाव सोडून जाणार होती.

“पोरगी कशी गोड आहे वं,” सासूबाई म्हणाल्या. “बुढीसारखी नाई. बाप मात्र बुढीवर गेला.”

मला जरा विचित्र वाटलं, पण पडद्यावर भांडण सुरू झालं होतं आणि मला तेही सांगायचं होतं. बाप मुलीला म्हणत होता, जायचं तर आत्ता जा, पण या घराचं दार तुला बंद. राहायचं तर चाव्या तुझ्या, सगळं तुझं. फक्त तुझ्या आत्याला घराबाहेर काढायचं, आणि ते तिला तूच सांगायचं. बाहेर त्या तरुणाची घोडागाडी उभी. मुलगी जिन्यावर थांबलेली.

सासूबाई पुढे सरकून बसल्या. आणि एकदम मोठ्याने, सगळ्या थिएटरला ऐकू जाईल अशा, म्हणाल्या, “जाय वं पोरी, जाय! पाहू नको मागं!”

पुढच्या दोन रांगा वळून पाहायला लागल्या. कुणीतरी हसलं. मी त्यांचा हात धरला.

मुलगी गेली नाही. ती जिना उतरून आत्याच्या खोलीत गेली, तिला सांगितलं, आणि परत येताना तिने बापापुढे हात केला. चाव्या तिने आपल्या हाताने कमरेला अडकवल्या. त्या खणखणाटाने आमची बाळी दचकून जागी झाली आणि तिने भोकाड पसरलं. आम्ही दिवे लागायच्या आतच बाहेर पडलो.

बाहेरच्या बाकावर मी मुलीला घ्यायला हात पुढे केले, तर सासूबाईंनी दिली नाही. थोपटत राहिल्या. मुलगी शांत झाली तेव्हा म्हणाल्या, “हे नाव नाई ठेवाचं.”

“कोणतं?”

“बाईचं. मी सांगतो तुह्या मामंजीले. आजवर बोलली नाई, आता बोलतो. नाव ठेवलं का त्याच्यासंग माणूस येते. पाह्यलं नाई का तू? केवढी चांगली पोरगी, पण आजीचं नाव पडलं तिच्यावर आन् शेवटी बुढी आलीच तिच्यात. चाब्यासुदिक त्याच!”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सासूबाईंच्या लेखी मागचा म्हणजे मागून घडलेला. घरातून गेलेल्या त्या पोटुशी सुनेला मुलगी झाली होती, सून बाळंतपणात गेली होती, मुलगा घरी परतून आईसारखाच करडा झाला होता, आणि मुलीला आपल्या रीतीप्रमाणे आजीचं नाव ठेवलं होतं. सगळं किती चपखल बसलं होतं! वर्षभर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळालं होतं. हॉलिवूडच्या लोकांनासुद्धा इतकी चांगली गोष्ट सुचली नसती.

आणि माझं काम परस्पर झालं होतं. मी नुसती मान हलवायची होती. सासूबाई घरी जाऊन एक शब्द बोलल्या असत्या आणि ते नाव टळलं असतं. पण मी पडले मास्तरीण. चुकलेलं वाक्य समोर दिसलं की हात शिवशिवतो. शिवाय जिच्यापाशी जन्मभर कुणी धड काही बोललं नाही, तिला गैरसमजात ठेवून आपलं घोडं दामटायचं, हे मला पटेना. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. ती नात नव्हे. ती म्हातारीच, तरुणपणची. गोष्ट नंतरची नाही, आधीची आहे.

सासूबाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. “म्हणजे ते हसणारी पोरगी म्हणजेच ते बुढी?”

“हो.”

“आन् सुनेच्या बाळाचं काय झालं?”

“ते कुणालाच माहीत नाही, आई.”

खेळ सुटला. यजमान आणि गटातले लोक भारावून बाहेर आले, रस्त्यातच हातवारे करत ते नाटक कसं बसवायचं ते बोलू लागले आणि तर्री-पोहे खायला गेले. आम्ही दोघी सायकलरिक्षात बसलो. सासूबाईंनी बाळीला शालीत नीट गुंडाळलं. मग म्हणाल्या, “असा कसा सिनेमा वं? त्या पोरीले तं वावच नव्हता.”

“कसला वाव?”

“सुटाचा. आपण बुढी आधीच पाहून बसलो. ते कितीही पळाली असती तरी बुढीच होणार. मी उगाच ओरडली, जाय जाय म्हणून. माह्या समजुतीनं पाह्यलं तवा तं ते जाऊ शकत होती.”

मी इतकी वर्षं पुस्तकं वाचते आहे, पण अशा गोष्टीतलं सगळ्यात मोठं दुःख मला त्या रिक्षात कळलं. पाहणाऱ्याला शेवट माहीत असतो, म्हणून आतलं माणूस आधीच संपलेलं असतं.

तरी माझी शिकवायची खोड जाईना. मी म्हटलं, “आई, मोठ्या बाईंचंही मागे असंच काही झालं असेल. त्याही कधी हसत असतील. दिरांनी छळलं, मग चाव्या घट्ट धराव्या लागल्या...”

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. रागाने नाही. “मागचं कोणाले नाई? तुह्या मामंजीनं मले बाईचं मागचं हजारदा सांगितलं. पण मले मागचं नाई का? मी तुह्यं ताट उचललं का कधी?”

मला रडू फुटलं. रिक्षावाला मान वळवून पाहायला लागला, तेव्हा सासूबाई त्याच्यावर डाफरल्या, “पुढं पाह्य ना गा!”

मला वाटलं, आता हे नाव नक्की टळलं. घरी आल्यावर त्या मामंजींशी बोलतील. पण त्या बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. बारशाचा दिवस उजाडला. नणंद रामटेकहून आली होती, पाळण्यात नाव सांगायचा मान तिचा. पाळणा फुलांनी सजवला, घुगऱ्या शिजल्या, बायकांनी मुलीला पाळण्याखालून-वरून घेतलं-दिलं. नणंदेने वाकायच्या आधी सासूबाईंकडे पाहिलं. “माय, नाव काय सांगू?”

मी पाळण्याची दोरी घट्ट धरून उभी होते. मामंजी दाराच्या चौकटीला हात लावून उभे होते, आणि त्यांच्याही तोंडावर काळजी होती. त्यांनाही बायकोचं मन अगदीच कळत नव्हतं असं नाही.

“तुह्या बापानं सांगितलं तेच,” सासूबाई म्हणाल्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढं सगळं होऊन शेवटी तेच! नणंदेने कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. आणि त्या हसण्या-खिदळण्यात सासूबाई पुढे झाल्या, पाळण्यावर ओणवल्या, आणि त्यांनी ते नाव घेतलं. स्पष्ट. पुरं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

त्यांच्या तोंडून ते नाव कुणीच कधी ऐकलं नव्हतं, मामंजींनीसुद्धा. शेजारची एक म्हातारी म्हणाली, “अवं, सासूचं नाव घेऊन राहिली तू!”

“सासूचं काहून घेऊ? मी माह्या नातीचं घेऊन राहिली,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा हाक मारली. मग पुन्हा. बाळीने त्यांच्याकडे पाहून बोळकं पसरलं. मामंजी मागच्या अंगणात निघून गेले आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिले.

पाहुणे पांगल्यावर मी घुगऱ्यांचं पातेलं घासता घासता सासूबाईंशी भांडलेच. “तुम्हीच म्हणालात ना, नावात माणूस येतं?”

“म्हणाली होती. पण तूच तं सांगितलं ना, ते नात नव्हती, बुढीच होती,” त्या म्हणाल्या. “मंग नातीचा सिनेमा तं अजून झालाच नाई.”

यजमानांच्या गटाने ते मागचं नाटक कधी बसवलं नाही. कुणाची बदली झाली, कुणाचं लग्न झालं. त्यातल्या त्या कारकून मुलीचंही झालं, आणि तिला खरेखुरे दिवस गेले तेव्हा सासूबाईंनी डबाभर डिंकाचे लाडू पाठवले. चाव्यांचा जुडगा गटाच्या सामानाच्या पेटीतच राहिला. सासूबाईंनी तो कधी परत मागितला नाही.

मुलगी मोठी होत गेली आणि अशी हट्टी निघाली की काही विचारू नका. घरामागच्या मोकळ्या जागेत एकदा खेळायला गेली की घर विसरायची. जेवायच्या वेळी सासूबाई फाटकात उभ्या राहून तिला हाका मारायच्या. एक हाक, दोन, पाच. मोठ्या बाईंचं ते नाव गल्लीभर व्हायचं. ज्या नावासमोर त्या कधी मान वर करून उभ्या राहिल्या नव्हत्या, त्याला त्या कार्टी म्हणायच्या, लाडोबा म्हणायच्या, टांग मोडीन म्हणायच्या. मी चिडून म्हणायची, “आई, तुम्हीच तिला डोक्यावर बसवलं आहे. एका हाकेत येत नाही म्हणजे काय? मी उचलते तिचं ताट, मग बघा कशी येते.”

“हात नको लावू ताटाले,” त्या म्हणायच्या, मुलीच्या वरण-भातावर दुसरं ताट पालथं घालायच्या, आणि हाक मारायला पुन्हा फाटकाकडे निघायच्या.